सोळा तासांचा प्रवास तेवीस तासांचा कसा होतो?

मोबाइल हातात घ्या आणि ‘मुंबई ते न्यूयॉर्क अंतर’ असं सर्च करून बघा. क्षणात उत्तर येईल, साधारण १२,५५० किलोमीटर. नॉन-स्टॉप विमानाने वेळ किती? सोळा तासांच्या आसपास. दोन्ही आकडे बरोबर आहेत. अडचण एवढीच, की तुम्ही विमानतळाच्या गेटवर राहत नाही. तुम्ही राहता कोलशेतला, आणि तिकडे गेल्यावर राहणार न्यूजर्सीत नाहीतर क्वीन्समध्ये चार मुलांसोबत शेअर केलेल्या फ्लॅटमध्ये.

कोलशेतच्या गावठाणातल्या जुन्या घरात राहा किंवा शेजारच्या तीस मजली टॉवरमध्ये, ओळखीतलं कुणीतरी बाहेर असतंच. कुणाचा दादा ऑनसाइटला, कुणाची मावशी एडिसनला, कुणी एमएसच्या ॲडमिशनचा मेल येण्याची वाट बघतंय. सगळी चर्चा फी, लोन, युनिव्हर्सिटीचं रँकिंग आणि तिकडची थंडी याभोवती फिरते. आईबाबांच्या मनात मात्र एक प्रश्न असतो आणि तो ते सहसा तोंडाने विचारत नाहीत. काही झालं तर किती वेळात येशील?

समजा विचारलाच, तर ‘सोळा तासांत’ असं बिनधास्त सांगून मोकळे होऊ नका. हिशेब त्याहून बराच मोठा आहे. एकदा नीट बसून करून बघूया.

पट्टी ठेवा आणि मग दोरा ताणा

घरातल्या भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारी पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर अशी जाते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांवर दोरा घट्ट ताणून धरा. दोरा भलतीकडेच जाईल. सिंध, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया, सेंट पीटर्सबर्गच्या आसपासून स्वीडन-नॉर्वे, मग आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि कॅनडामार्गे खाली न्यूयॉर्क. शाळेत भूगोलात ‘बृहद्‌वृत्त’ शिकलो होतो, ते हेच. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता त्याच्यावरून जातो. सपाट नकाशावर तो उलटा वाकडा दिसतो, कारण नकाशा काढताना गोल पृथ्वी ताणून सपाट केलेली असते.

सर्च केल्यावर मिळणारे १२,५५० किलोमीटर म्हणजे या दोऱ्याची लांबी. पण विमान दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. साधा हिशेब करा. मोठी प्रवासी विमानं ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडतात. १२,५५० भागिले ९००, उत्तर येतं चौदा तास. मग कंपनी सोळा का सांगते?

वरचे दोन तास वारा खातो

जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार प्रवाह वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर हा त्यांचा नेहमीचा वेग, कधी तीनशेच्या पुढेही जातो. मुंबईहून अमेरिकेला किंवा युरोपला जाताना हा वारा बऱ्याचदा समोरून येतो आणि परत येताना पाठीवर थाप मारतो. म्हणून मुंबई–लंडन हे ७,२०० किलोमीटर जाताना साडेनऊ-दहा तास लागतात आणि येताना तेच अंतर तासभर कमी वेळात होतं.

वाऱ्याची ताकद किती असते? फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं. त्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो जेट न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात.

यातूनच एक गंमत घडते. कधीकधी लांबचा रस्ता लवकर पोचवतो. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर. कारण एकच, वारा आता पाठीमागून होता. घोडबंदर रोड तुंबला की आपणही लांबचा पण मोकळा रस्ता धरतो. पायलटचं गणित त्याच जातीचं असतं.

आकाशही बंद होतं

मघाच्या दोऱ्याकडे परत बघा. तो पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि रशियावरून जातो. म्हणजे तो रस्ता उघडा आहे की नाही, हे दुसरे देश ठरवतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती जुलैमध्ये उघडली. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ती पुन्हा बंद झाली. सगळ्यात मोठा फटका दिल्लीच्या विमानांना बसला. मुंबईचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊ शकतं, त्यामुळे इकडचं नुकसान तुलनेने कमी. पण कमी म्हणजे शून्य नाही.

१३ जून २०२५ ला इराणने आपलं आकाश अचानक बंद केलं. त्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान जवळपास तीन तास हवेत राहून पुन्हा मुंबईतच उतरलं. आतल्या प्रवाशांसाठी मुंबई–लंडन अंतर त्या दिवशी किती होतं? नकाशावर ७,२०० किलोमीटरच. तासांत मोजायचं, तर ज्याला त्याला पुढची सीट कधी मिळाली, तेवढं.

घड्याळाचा चकवा

तिकिटावर असं काहीतरी लिहिलेलं असतं. मुंबई प्रस्थान मध्यरात्री १, न्यूयॉर्क आगमन सकाळी ७, तारीख तीच. आजीला वाटतं, सहा तासांत अमेरिका! तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क आपल्या उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात. सहा अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा तास. येताना उलट करायचं. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत, म्हणजे दिसताना साडेचोवीस तास. त्यातून साडेनऊ वजा करा, खरा प्रवास पंधरा तासांचा.

घड्याळं वेगळी असणं आपल्यालाही नवीन नाही. मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत तग धरून होता.

स्टॉप घेतला तर किती लांब पडतं?

नॉन-स्टॉप महाग पडतं, म्हणून बहुतेक विद्यार्थी एक थांबा घेतात. इथे आकडे बघण्यासारखे आहेत. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०१०. बेरीज १२,९४०. म्हणजे दुबईमार्गे गेलात तर अंतर चारशे किलोमीटरनेही वाढत नाही. लंडनमार्गे गेलात तर वाढ आणखी कमी, जेमतेम दोनशे किलोमीटर.

वेळ मात्र चार-पाच तासांनी वाढतो, कधी दहा-बारा तासांनी. विमान उतरणं, दुसऱ्या टर्मिनलला जाणं, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बोर्डिंग. स्वस्त तिकिटात तुम्ही विकत देता ते हे तास. सुट्टीला येताना त्याने काही बिघडत नाही. दुबईच्या खुर्चीवर पाय पसरून एक वेब सीरिज संपते. घाईने यायचं असेल, तेव्हा हेच तास अंगावर येतात. शिवाय तिकिटं दोन वेगवेगळ्या बुकिंगची असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी नसते. काही देशांत नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि हे काउंटरवर कळणं फार महागात पडतं.

आता घोडबंदरचा हिशेब

कोलशेत रोडवर वायुसेनेचं केंद्र आहे खरं, पण आपल्याला विमान पकडायला सहारलाच जावं लागतं. कापूरबावडी, माजिवडा, पूर्व द्रुतगती महामार्ग, मग जोगेश्वरी–विक्रोळी लिंक रोडने पलीकडे. अमेरिका-युरोपची बरीचशी विमानं मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे सुटतात, त्यामुळे निघायचं रात्री आठ-नऊला. ऑफिसातून परतणाऱ्या गाड्या अजून रस्त्यावर असतात, आणि त्या ओसरेपर्यंत अवजड वाहनांना मोकळीक मिळायची वेळ होते. कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या ओलाच्या मागच्या सीटवर, दोन तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांच्या आधाराने, सोळा हा आकडा किती अपुरा आहे ते कळतं.

बॅग हलकी असेल आणि वेळ दिवसाची असेल, तर दुसरा रस्ता आहे. ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला गाडी बदलून मेट्रो ३ ने थेट टी-टू. ऑक्टोबर २०२४ पासून हा मार्ग सुरू आहे आणि त्याला सिग्नल लागत नाहीत. रात्री उशिरा मेट्रो बंद होते, हे मात्र लक्षात ठेवा.

तिसरा पर्याय नवी मुंबईचा. तिथलं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. कळव्यावरून ठाणे–बेलापूर रस्ता धरणाऱ्याला ते सोयीचं पडू शकतं. पण आता बुकिंग करताना ‘मुंबई’ एवढंच वाचून पुढे जाऊ नका. सहारचा कोड बीओएम आहे, नवी मुंबईचा एनएमआय. चुकीच्या विमानतळावर वेळेत पोचण्याचा काहीही उपयोग नसतो.

आता बेरीज करूया. कोलशेत ते सहार, दीड तास. टर्मिनलमध्ये चेक-इन, इमिग्रेशन, सिक्युरिटी धरून तीन तास. विमान सोळा तास. तिकडे इमिग्रेशनची रांग आणि बॅग, दीड तास. विमानतळ ते घर, एक तास. एकूण तेवीस. आणि हा सगळं सुरळीत झालं तर लागणारा वेळ आहे.

हेच गणित जवळच्या शहरांना लावा, म्हणजे आणखी मजा येईल. मुंबई–दिल्ली अंतर ११४० किलोमीटर. नऊशेच्या वेगाने सव्वा-दीड तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास लिहिलेलं असतं, कारण त्यात विमान जागेवरून हलल्यापासून तिकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. धावपट्टीसाठीची रांग, वर घिरट्या घालणं, सगळं त्यात आलं. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्याच एका धावपट्टीच्या जोरावर डिसेंबर २०१८ मध्ये २४ तासांत १,००७ विमानांची ये-जा झाली होती. दारापासून दारापर्यंत धरलं, तर कोलशेत ते दिल्लीतलं घर सहा-सात तासांचं आहे. आणि दुबई? विमान तीन-सव्वातीन तासांचं, दारापासून दारापर्यंत नऊ-साडेनऊ. ठाण्याहून रात्रीच्या कोकण रेल्वेने सावंतवाडीला जाऊन पुढे गावी पोचायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. तासांच्या नकाशावर मालवण आणि दुबई शेजारी शेजारी आहेत.

कल्याणची एक मुलगी

हे सगळं वाचून वैतागलात, तर आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवा. कल्याणात वाढलेली यमुना जोशी, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई, डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून जहाज सुटलं आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. प्रवास सुमारे दोन महिन्यांचा. उतरल्यावर आधी राहिल्या न्यूजर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबात. हे रोझेल आजच्या न्यूअर्क विमानतळापासून काही किलोमीटरवर आहे, म्हणजे आत्ता मराठी मुलं जिथे उतरतात तिथेच. घरी पत्र पाठवलं तर उत्तर हातात पडेपर्यंत महिनोन्‌महिने जायचे. ११ मार्च १८८६ ला त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, वर्षअखेर त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. वय होतं २१.

पुढे जहाजाच्या आठवड्यांचे दिवस झाले. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं आणि १० जूनला पोचलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ ने हीच कंपनी लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत गेली. दोन महिन्यांचे दोन दिवस झाले, दोन दिवसांचे सोळा तास झाले. तिथून पुढे साठ-पासष्ट वर्षांत विमानाचा वेग मात्र फारसा वाढलेला नाही. आजचं विमानही ७०७ च्याच आसपासच्या वेगाने उडतं. थांबे कमी झाले, एवढाच काय तो फरक. म्हणजे तुम्ही जाल तेव्हाही सोळा तासच असतील, हे धरून चालायला हरकत नाही.

फोन आल्यापासून दारापर्यंत

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. सुट्टीचं तिकीट चार महिने आधी काढलेलं असतं. आजारपणाचा फोन तसा येत नाही. तो आल्यावर आधी सीट शोधायची, बॅग भरायची, प्रोफेसरला किंवा मॅनेजरला कळवायचं. नॉन-स्टॉप विमान दिवसाला एखादंच. ते नुकतंच सुटलेलं असेल, तर पुढच्यासाठी चोवीस तास थांबा किंवा दोन थांब्यांचं विमान धरा. सगळं जुळून आलं तर फोन ठेवल्यापासून कोलशेतची बेल वाजवेपर्यंत साधारण पंचवीस-सव्वीस तास. बहुतेक वेळा दीड दिवस. काही बिनसलं तर दोन.

आपल्याकडे अंत्यसंस्कारासाठी एवढं थांबत नाहीत. थांबायचं म्हटलं तर शवागाराची सोय बघावी लागते, नातेवाइकांना समजवावं लागतं, आणि हा निर्णय घरातल्या कुणालातरी भर दुःखात, अर्ध्या तासात घ्यावा लागतो. कित्येक घरांत मुलाने किंवा मुलीने शेवटचं दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलंय. हे बोलायला जड जातं, म्हणूनच ते आधी, सगळे ठणठणीत असताना बोलून ठेवलेलं बरं. ‘माझ्यासाठी थांबा’ किंवा ‘माझ्यासाठी थांबू नका’, जे काय असेल ते तुमच्या तोंडून घरच्यांना माहीत असलं, म्हणजे त्या वेळी तुमच्या भावाला किंवा शेजारच्या काकांना तुमच्या वतीने ठरवावं लागणार नाही.

बाकीची तयारी कागदांची आहे. पासपोर्टची मुदत बघा. अमेरिकेत शिकत असाल, तर तिथे राहायची परवानगी चालू असूनही पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असू शकतो. मग येता येतं, पण परत जायला नवा स्टॅम्प लागतो. आय-ट्वेंटीवरची प्रवासाची सही ताजी आहे ना, तेही बघून ठेवा. एका इमर्जन्सी तिकिटाचे पैसे खर्चाच्या खात्यात न ठेवता बाजूला ठेवा. आणि कोलशेतमध्ये एक माणूस ठरवा, मित्र असो, मावसभाऊ असो की खालच्या मजल्यावरच्या काकू, जो तुम्ही हवेत असताना तुमच्या घरात असेल. कारण त्या पंधरा तासांत तुमचा फोन बहुधा लागणार नाही.

यातलं काहीही ‘जाऊ नका’ असं सांगत नाही. जरूर जा. फक्त शहर निवडताना फी आणि रँकिंगच्या शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्यात दारापासून दारापर्यंतचे तास लिहा. सिंगापूरचं विमान साडेपाच तासांचं आहे, म्हणजे घरापासून घरापर्यंत बारा धरा. लंडन सोळा-सतरा. न्यूयॉर्क तेवीस. जिथे नॉन-स्टॉप जात नाही, तिथे तीसच्या पुढे. मग तो कागद आज रात्री जेवताना आईबाबांच्या समोर ठेवा. त्यांनी विचारलं नसेल, तरी तो आकडा त्यांना हवाच असतो.